डीपी म्हणजे कोणती डीपी?



पेरणीच्या आधी आपण शेतातले तण काढतो. पण हल्ली गावात एक वेगळेच तण माजले आहे, ते म्हणजे अक्षरांचे. एनपीके, ईसी, टीएल, एनए, ओटीएस, केवायसी, एफएक्यू! दुकानात जा, बँकेत जा, तहसीलला जा, नाही तर घरी खाटेवर बसून मोबाईल उघडा. दोन-तीन इंग्रजी अक्षरे एकमेकांना चिकटून पुढे उभीच असतात. बरे, प्रत्येक जोडीचा अर्थ एकच असता तरी भागले असते. पण इथे एकेका जोडीला चार-चार अर्थ. माणूस बदलला की अर्थ बदलला, दुकान बदलले की अर्थ बदलला.

साधी 'डीपी' घ्या. तुमच्या-माझ्या लेखी डीपी म्हणजे शेतातली विजेची डीपी. खरे पाहता डीपी म्हणजे वीज वाटून देणारा तो डबा. पण आपण रोहित्रासकट सगळ्यालाच डीपी म्हणतो. डीपी जळाली की रब्बीचा हरभरा वाळतो आणि आपण महावितरणच्या दारात उभे राहतो. आपल्या पोरांच्या लेखी डीपी म्हणजे मोबाईलवर लावलेला स्वतःचा फोटो. नांदेड-लातूरसारख्या शहरात 'डीपी रोड' म्हणतात तो विकास आराखड्यातला रस्ता. आणि कृषी सेवा केंद्रात किडीच्या भुकटीच्या पिशवीवर 'क्विनॉलफॉस १.५ टक्के डीपी' असे छापलेले असते, तिथे डीपी म्हणजे धुरळायची भुकटी.

आमच्या भागातल्या एका गावच्या व्हॉट्सॲप गटावर एका कॉलेजच्या पोराने लिहिले, "नवीन डीपी! बघून सांगा." खाली लगेच दोघा-तिघांनी विचारले, "कितीची हाय? त्रेसष्टची का शंभरची?" आणि एका आजोबांनी लिहिले, "आमच्या शिवारातली कवा बसवायलाव?" पोरगा बिचारा फोटो काढून बसला!

ही झाली गंमत. पण याच अक्षरांच्या घोळात कुणाची फवारणी बिघडते, कुणाचे पोते पडून राहते, कुणाच्या जमिनीवरचे नाव जाते, आणि कुणाचे खाते रिकामे होते. म्हणून आजचा लेख या अक्षरांवर.

हे काही नवे नाही

'आमच्या वेळी असले काही नव्हते,' असे म्हातारी माणसे म्हणतात. पण जुनी पत्रे काढून बघा. 'ति. बाबांस शि. सा. न.' म्हणजे तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पत्र संपवताना 'क. लो. अ.', म्हणजे कळावे, लोभ असावा. राहिलेले आठवले की 'ता. क.', ताजा कलम. पाकिटावर 'मु. पो.', म्हणजे मुक्काम पोस्ट. लग्नपत्रिकेत चि., सौ. कां., कै. आणि गं. भा. आजही छापतात. शाई, कागद आणि वेळ वाचवायला आपल्या वाडवडिलांनी जे केले, तेच आजची पोरे बोटे वाचवायला करतात.

दूरच्या जगातही हेच. 'ओके' हा शब्द आज आपल्या गड्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे वापरतात. तो आला कुठून? अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १८३९ साली वर्तमानपत्रांतून गमतीने चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे लिहायची टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळे बरोबर, हे मुद्दाम चुकीचे लिहून त्याचे केले 'ओके'. २३ मार्च १८३९ च्या बोस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ते छापून आले. त्या टुमेतली बाकीची अक्षरे विरून गेली, हे एक मात्र सगळ्या जगात रुजले. कोणते बी उगवेल आणि कोणते मातीत जाईल, हे पेरणाऱ्यालाही सांगता येत नाही!

आणि घोटाळा फक्त खेड्यातल्या माणसाचाच होतो असे समजू नका. इंग्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन मोबाईलवरच्या निरोपाखाली 'एलओएल' लिहीत. त्यांना वाटे, त्याचा अर्थ 'खूप खूप प्रेम'. जगाच्या लेखी त्याचा अर्थ 'मोठ्याने हसतोय'. ही गोष्ट २०१२ साली तिथल्या एका चौकशीत साक्षीतून बाहेर आली. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांच्या पंतप्रधानाचे हे झाले. मग आपल्याला एखादे अक्षर कळले नाही तर त्यात लाजायचे काय?

बोलताना आपण बरोबर ओळखतो

आपली मराठी मोठी हुशार आहे. ती या परक्या अक्षरांना दावणीला बांधते, आणि बांधताना बाई का बाप्या हेही ठरवते. त्यावरून अर्थ कळतो. 'डीपी जळाली' म्हटले की ती विजेची. 'डीपी बदलला' म्हटले की बहुधा तो फोटो. 

'के. टी.' बघा. 'नदीवर केटी बांधला' म्हणजे बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, सरकारी कागदावर 'को. प. बंधारा'. पावसाळा संपत आला की त्याला दारे बसवायची, पाणी अडवायचे, आणि पुढच्या पावसाआधी काढून ठेवायची. दारे वेळेवर बसली नाहीत तर बंधारा असून नसल्यासारखा. पण 'पोराला केटी लागली' म्हणजे पोरगा कॉलेजात एखाद्या विषयात नापास झाला आणि तो विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात गेला. त्याचेच थोरले भावंड 'एटीकेटी'. आता तर पोरे कोणत्याही अर्धवट कामाला एटीकेटी म्हणतात. लग्न लांबले तरी एटीकेटी, घराचा गिलावा राहिला तरी एटीकेटी. बांधला तो बंधारा, लागली ती परीक्षा; आपल्या मायमाऊलींना हे कुणी शिकवावे लागत नाही.

'एसटी'ची तर आपण 'यष्टी' करून टाकली. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून ती घरचीच झाली. आणि 'एमएसईबी'? वीज मंडळाचे २००५ साली तुकडे होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, मंडळ गेले. तरी आपण अजूनही 'एमएसईबीचा माणूस आला' असेच म्हणतो. जुना बैल विकला तरी गोठ्यात त्याची जागा त्याच्याच नावाने ओळखतात, तसे हे.

काही अक्षरे मात्र जपून बोलावीत. गावात 'पीएम झाले का?' असे विचारले तर अंगावर काटा येतो, कारण दवाखान्यात पीएम म्हणजे शवविच्छेदन. बातम्यांत पीएम म्हणजे पंतप्रधान, घड्याळात दुपारनंतरची वेळ, आणि बँकेच्या निरोपात 'पीएम किसान'चा हप्ता. यातल्या पहिल्या अर्थाशी शेतकऱ्याच्या घराचा मोठा संबंध आहे. वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून माणूस गेला तर घरचे म्हणतात, "आता कशाला चिरफाड?" त्यांचे दुःख समजते. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, आणि मृत्यू अपघाताचाच होता हे दाखवायला पोलीस पंचनामा आणि हा पीएमचा कागद लागतो. मागे राहिलेल्या बाईला आणि लेकरांना त्या कागदाचा आधार असतो. हे कडू आहे, पण सांगितले पाहिजे.

'जीएम'चेही तसेच. पोरे सकाळी 'जीएम' लिहितात ते 'गुड मॉर्निंग'. बियाण्याच्या गोष्टीत जीएम म्हणजे जनुक बदललेले वाण. कारखान्यात जीएम म्हणजे मोठा साहेब. तिघांना एका ओळीत बसवू नका!

लोक गमतीने या अक्षरांचे अर्थही नवेनवे लावतात. लग्नाला सगळे कुटुंब घेऊन येणाऱ्याला 'एमबीबीएस' म्हणायचे, म्हणजे 'मियाँ बीवी बच्चे समेत'. आमच्या खात्यात १९८० च्या दशकात 'टी अँड व्ही' नावाची प्रशिक्षण आणि भेट योजना होती. जुने सहकारी सांगतात की गावकरी त्याला 'टी घ्या आणि व्हा पुढं' म्हणत. टोमणा होता, पण त्यातून आम्हालाही शिकायला मिळाले की चहा पिऊन उठणाऱ्या साहेबाला गाव बरोबर ओळखते.

असो. आता गंमत पुरे. जिथे अक्षर चुकले की खिसा आणि जीव दोन्ही धोक्यात येतात, तिकडे वळू.

बाटलीवरचे 'ईसी' आणि मातीचे 'ईसी'

एका मेळाव्यात एक शेतकरी माती परीक्षणाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. कागदावर 'ईसी ०.३५' होते. म्हणाले, "साहेब, औशदाचं ईसी मातीत उतरलंय की हो! आता जमीन पडीक टाकू का?" मी म्हटले, "मामा, बसा. जमीन तुमची चांगली आहे."

माती परीक्षणाच्या कागदावर ईसी म्हणजे विद्युत वाहकता. त्यावरून मातीत विरघळलेले क्षार किती, ते कळते. हा आकडा १ च्या आत असला की बहुतेक पिकांना चिंता नाही. तो चढत गेला की उगवण कमी होते, पाने करपतात. त्याच कागदावर 'पीएच' म्हणजे सामू आणि 'ओसी' म्हणजे सेंद्रिय कर्ब. आपल्या काळ्या जमिनीत सामू बहुधा सातच्या वर असतो आणि कर्ब कमी असतो. हे तीन आकडे वाचता आले तर निम्मा कागद कळला.

औषधाच्या बाटलीवर ईसी म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे तेलकट औषध. त्याच्या आधीचा आकडा म्हणजे त्यात खरे विष शेकडा किती. क्लोरोपायरीफॉस २० ईसी मिळते, तसे ५० ईसीही मिळते. सवयीने २० ईसीचे जे माप घेता, त्याच मापाने ५० ईसी पंपात ओतले तर औषध अडीचपट गेले. पैसे गेले, पीक करपले, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर अडीचपट विष आले. म्हणून दुकानात "तेच द्या, मागच्या वेळचं" असे म्हणू नका. नाव, आकडा आणि अक्षरे तिन्ही पाहून घ्या.

बाकीची अक्षरेही सांगतो. 'डब्ल्यूपी' म्हणजे पाण्यात मिसळून फवारायची भुकटी. ती तळाला बसते, म्हणून ढवळत राहावे लागते. 'एससी' म्हणजे घट्ट पातळ औषध, बाटली आधी चांगली हलवायची. 'एसएल' म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारे. 'एसजी' म्हणजे विरघळणारे दाणे, 'डब्ल्यूजी' म्हणजे पाण्यात पसरणारे दाणे. 'जी' म्हणजे जमिनीत टाकायचे दाणेदार औषध. ते पंपात घालू नये. आणि 'सीसी' व 'मिली' हे एकच माप, १ सीसी म्हणजे १ मिली. बँकेतले सीसी वेगळे, ते कर्जाचे खाते. रस्त्याचे सीसी वेगळे, ते सिमेंट काँक्रीट. मोटारसायकलचे सीसी इंजिनाचे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या घरांत आजही ती जागा रिकामी आहे. ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत त्याच्यासाठी बाटलीवर रंगाची खूण असते: लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळी, मग निळी, आणि सर्वांत कमी विषारी हिरवी. पण हिरवी खूण म्हणजे सरबत नव्हे. तोंडाला फडके, हातात मोजे आणि वाऱ्याकडे पाठ, हे सगळ्या रंगांना लागू.

पोत्यावरचे आकडे

खताच्या बाबतीत आपली माणसे अक्षरे सोडून आकड्यांनीच बोलतात. 'दहा-सव्वीस', 'वीस-वीस', 'अठरा-शेहेचाळीस', 'बारा-एकसष्ट', 'शून्य-बावन्न-चौतीस'. परक्या माणसाला वाटावे, मटक्याचा आकडा सांगतायत! हे आकडे म्हणजे एन, पी आणि के, याच क्रमाने: नत्र, स्फुरद, पालाश. पालाशला 'के' का? तर त्याचे लॅटिन नाव 'कॅलियम', त्याचे ते पहिले अक्षर.

डीएपीच्या मागे रांग लागते, ती अक्षरांच्या मोहाने. 'डीएपी नाही तर पेरणी नाही' असे धरून बसू नका. ५० किलोच्या डीएपीच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. तेवढेच अन्न तुम्हाला सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती आणि सुमारे २० किलो युरिया यांतून मिळते. शिवाय सुपर फॉस्फेटमध्ये गंधकही असते, जे सोयाबीनसारख्या तेलबियांना हवेच असते. 'एमआरपी' म्हणजे यापेक्षा जास्त घेता येणार नाही अशी किंमत. त्याहून जास्त मागितले, किंवा हव्या त्या खतासोबत नको ती बाटली गळ्यात मारली, ज्याला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात, तर पक्की पावती मागा आणि पंचायत समितीत किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

बियाण्याच्या नावातले गाव

बियाण्याची अक्षरे मला फार आवडतात, कारण त्यांत आपली गावे लपलेली आहेत. 'बीडीएन ७११' ही तूर म्हणजे बदनापूरची. 'बीएसएमआर ७३६' म्हणजे बदनापूरचीच, वांझ रोगाला दाद न देणारी. 'एनएचएच ४४' हा कापूस आपल्या नांदेडच्या संशोधन केंद्राचा. बीटी येण्याच्या आधी त्याने मोठा मुलूख पांढरा केला. 'एमएयूएस ७१' हे सोयाबीन मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. विद्यापीठाला २०१३ साली वसंतराव नाईकांचे नाव मिळाले, पण वाणाच्या नावात जुनी अक्षरे तशीच आहेत. आणि आपण ज्याला नुसते 'तीनशे पस्तीस' म्हणतो ते 'जेएस ३३५' जबलपूरचे.

पण इथेही आकडा चुकवू नका. बीडीएन ७११ साधारण १५० ते १५५ दिवसांत येते, दाणा पांढरा. बीएसएमआर ७३६ ला १७५ ते १८० दिवस लागतात, दाणा लाल. हलक्या रानात लांबचा वाण पेरला तर शेंग भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते.

पिशवीवरचे 'टीएल' म्हणजे सत्यतादर्शक बियाणे, लेबल पोपटी-हिरवे. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग, पायाभूतला पांढरा, पैदासकाराच्या बियाण्याला सोनेरी पिवळा. आमच्या कचेरीत मात्र 'टीएल' म्हणजे कामांच्या मुदतीची बैठक! म्हणून आमचा माणूस 'आज टीएल आहे' म्हणाला तर पिशवी घेऊन येऊ नका.

'बीटी'बद्दल दोन शब्द. बीटी हे मातीतल्या एका जिवाणूचे नाव. त्याच्यातला गुण घातलेल्या कापसाला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. आता गुपचूप 'एचटीबीटी' विकले जाते. 'एचटी' म्हणजे तणनाशक सोसणारे. त्याला लोक 'चोर बीटी' म्हणतात, आणि हे नाव कागदावरच्या नावापेक्षा खरे आहे, कारण त्याला सरकारी मान्यता नाही. ते पाहिजे की नको यावर वाद होतील. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून आंदोलनही केले. पण पिशवीला पावती नाही, लेबल नाही, आणि उगवले नाही तर तक्रार करायला दार नाही, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

सातबारावरची मराठी अक्षरे

इंग्रजी अक्षरांना नावे ठेवताना आपल्या सातबाराकडे बघा. तिथली अक्षरे मराठी आहेत, आणि त्यांचा घोळ सगळ्यांत महाग पडतो. 'पो. ख.' म्हणजे पोटखराब, 'हे. आर.' म्हणजे हेक्टर-आर. ही साधी झाली.

'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाप वारल्यावर थोरल्या भावाचे नाव लावून पुढे ही अक्षरे लिहीत. जमीन सगळ्या भावाबहिणींची, पण कागदावर एकच नाव. घर एकत्र असते तोवर चालते. पुढे थोरला जातो, त्याच्या मुलांची नावे लागतात, ती तीन अक्षरे गळून पडतात आणि धाकट्याच्या हाती बांध मोजणे तेवढे राहते. पीक कर्ज, विमा, भरपाई, सगळे नावावर येते, नात्यावर येत नाही. बहिणींचे तर विचारूच नका. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच हक्क कायद्याने दिला आहे, पण सातबारावर किती बहिणींची नावे दिसतात, ते तुमच्याच घरचा उतारा काढून बघा.

'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. खातेदार लहान असताना त्याच्या वतीने आई किंवा काकाचे नाव लागते. लेकरू अठरा वर्षांचे झाले, त्याला स्वतःला लेकरे झाली, तरी शेरा तसाच. मग बँक म्हणते, "तुम्ही अज्ञान आहात!" वयाचा दाखला जोडून अर्ज केला की हा शेरा कमी होतो. आपण ज्यांना तलाठी म्हणतो त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे जुना फेरफार घेऊन जा आणि विचारा. २०२५ साली राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, ती मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्यासाठीच. भाऊबंदकी कोर्टात नेण्यापेक्षा सगळे एकत्र बसलेले असतानाच नावे लावून घेणे शहाणपणाचे.

आणि 'एनए'? जमिनीच्या बाबतीत एनए म्हणजे अकृषिक, प्लॉट पाडायची. पण छापील अर्जात कुणी 'एनए' लिहिले तर त्याचा अर्थ 'लागू नाही'. विम्याच्या अर्जावर 'एनए' बघून "माझी जमीन कुणी एनए केली?" म्हणून घाबरून आलेली माणसे मी पाहिली आहेत.

बाजारात आणि मोबाईलवर

लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव काय निघतो याकडे सगळा महाराष्ट्र कान लावून असतो. हमीभाव केंद्रावर मात्र एक अक्षर तुमचे पोते परत पाठवू शकते, ते म्हणजे 'एफएक्यू'. त्याचा अर्थ सर्वसाधारण चांगली प्रत. संगणकावर याच अक्षरांचा अर्थ 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न', पण काट्यावर त्याचा अर्थ ओलावा १२ टक्क्यांच्या आत, आणि माती, काडीकचरा, डागी दाणा ठरल्या मर्यादेत. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात तक्रारी झाल्यावर ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. दरवर्षी सवलत मिळेलच असे धरू नका. दोन दिवस ऊन देऊन, चाळणी मारून माल नेला तर गाडीभाडे दोनदा पडत नाही.

बँकेत 'ओटीएस' म्हणजे थकलेल्या कर्जाची एकरकमी तडजोड. मोबाईलवर 'ओटीपी' म्हणजे तुमच्या खात्याच्या कुलपाची एकदाच चालणारी किल्ली. एका अक्षराचा फरक, पण ओटीएस साहेबाशी बोलायचे असते आणि ओटीपी कुणाशीच बोलायचा नसतो. 'केवायसी' म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणे. ती बँकेत किंवा सेवा केंद्रात जाऊन करावी. फोनवर "तुमची केवायसी राहिली" म्हणणाऱ्याला सांगा, "उद्या बँकेत येतो," आणि ठेवून द्या.

आणि एक अक्षर आज घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा: 'एपीके'. एनपीकेचा भाऊ वाटतो ना? पण हे खत नव्हे. मोबाईलमध्ये नवे ॲप घुसवणाऱ्या फाइलीचे ते शेपूट. 'पीएम किसान एपीके' अशा नावाने फाइल गटावर येते, आपल्याच ओळखीच्याच्या नंबरवरून येते, कारण त्याचा मोबाईल आधीच लुटलेला असतो. ती दाबली की तुमचे निरोप आणि ओटीपी चोराला दिसू लागतात. दाबू नका, पुढे पाठवू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

आता एवढे करा

पहिले, विचारा. "या अक्षरांचा पूर्ण अर्थ काय?" हा प्रश्न दुकानात, बँकेत, कचेरीत आणि माझ्यासारख्या साहेबालाही विचारा. ज्याला अर्थ माहीत आहे तो सांगेल. जो सांगायला टाळतो, त्याच्याकडून काही घेण्याआधी दोनदा विचार करा.

दुसरे, अक्षरे एकटी वाचू नका. आजूबाजूचा आकडा, शब्द आणि जागा बघा. मातीचा कागद आहे का औषधाची बाटली, जमिनीचा उतारा आहे का छापील अर्ज, यावर अर्थ ठरतो.

तिसरे, घरात एक वही करा. शाळेत जाणाऱ्या लेकीला किंवा लेकाला सांगा, रोज एक अक्षरजोडी लिही: इकडे अक्षरे, तिकडे जेवढे सापडतील तेवढे अर्थ. बाटलीवरची, पोत्यावरची, सातबारावरची, मोबाईलवरची. आजोबांना विचारून 'शि. सा. न.' सुद्धा लिहा. लेकरांना मोबाईलचे अर्थ येतात आणि म्हाताऱ्यांना सातबाराचे. वही एक झाली तर दोघांचेही अडणार नाही.

पुढच्या वेळी दुकानातून बाटली आणाल, तेव्हा झाकण उघडण्याआधी ती वही उघडा. तुमच्या वहीत चारांहून जास्त अर्थांचे एखादे अक्षर सापडले तर मलाही अवश्य कळवा.

क. लो. अ.